मिल चालू हय क्या?

गेल्या रमजान ईदला लातूरला घरी होतो. पाहुणे गेल्यावर, शिरखुर्म्याच्या वाट्या आवरून झाल्यावर मी कानाला हेडफोन लावून पडलो होतो. अम्मी जवळून जाताना थबकली. हेडफोनमधून बाहेर येणारा आवाज तिला ऐकू आला होता.

"ये क्या सुन्ते पडा रे? मिल चालू हय क्या?"

ती हसत हसत गेली. पण या अल्बमबद्दल इतकं नेमकं वाक्य मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

अल्बमचं नाव 'स्ट्रीटक्लीनर'. बँडचं नाव गॉडफ्लेश, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, साल 1989. याच साली अब्बा लातूरच्या एका दाल मिलमध्ये कामाला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अल्बम मला मिळाला तो नांदेडला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतो. होस्टेलवर एकाच्या हार्ड डिस्कमध्ये जगभरची गाणी होती आणि आम्ही सगळे त्याच्या खोलीत पेन ड्राइव्ह घेऊन रांग लावायचो. त्यातून हे माझ्याकडे आलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अजिबात आवडलं नाही. गाणं म्हणावं तर चाल नाही, गाणारा गातोय की गुरगुरतोय तेही कळेना. मग एकदा शनिवारी लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा प्रवास. खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, पायाखालचा पत्रा थरथरत होता आणि कानात तोच अल्बम चालू होता. बसचा आवाज कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं, ते कळेनासं झालं. त्या दिवसापासून तो माझा झाला.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. हेवी मेटल संगीताचा जन्मच तिथला. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडून वाजवू लागला. मेटलचा तो खोल, जड आवाज घडण्यात त्या अपघाताचा मोठा वाटा आहे.

पुढच्या पिढीतला जस्टिन ब्रॉडरिक. किशोरवयातच तो नेपाम डेथ या बँडमध्ये होता. 1987 च्या 'स्कम' या अल्बमच्या पहिल्या बाजूला गिटार त्याचीच आहे. तिथली गाणी सुसाट, काही तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारी. गॉडफ्लेशमध्ये त्याने नेमकं उलट केलं. सगळं संथ आणि जड. सोबत बासवर जी. सी. ग्रीन. आणि ढोलकऱ्याच्या जागी माणूसच नाही, ड्रम मशीन. 'स्ट्रीटक्लीनर' आला तेव्हा ब्रॉडरिक वीस वर्षांचा होता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे ड्रम मशीन. आपल्याकडे कव्वालीत ढोलकवाला कव्वालाच्या चेहऱ्याकडे बघत असतो. कव्वाल रंगात आला की तोही चढतो, कव्वाल दमला की तो सांभाळून घेतो. 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये कुणी कुणाला सांभाळून घेत नाही. माणूस ओरडतो, त्याचा घसा बसतो, आणि मशीन त्याच ठोक्याने चालत राहतं. तुम्ही दमलात का, हे ते विचारत नाही.

अब्बांचं तीस वर्षांचं काम असंच होतं. तूर एलिव्हेटरने वर चढायची, चाळणीतून पडायची, रोलरखाली तिची साल निघायची, मग भरडणी. शेवटी एका बाजूला डाळ, एका बाजूला चुनी. सगळी यंत्रं पत्र्याच्या छपराखाली एकाच वेळी चालायची. अब्बा चाळणीपाशी असायचे. तिथे बोलायचं म्हणजे हातवारे करायचे. घरी आल्यावरही बराच वेळ ते हातानेच बोलायचे. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची.

आता त्यांना कमी ऐकू येतं. अम्मीने 'सात बजे' म्हटलं की ते 'आठ बजे' ऐकतात. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला तेव्हा कारण समजलं. सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपासचे. 'स', 'श', 'फ' यांसारखी अक्षरं त्याच भागात येतात. खालच्या पट्टीतलं त्या मानाने बरंच शिल्लक राहतं. म्हणजे नातीची किलबिल जाते आणि ट्रकची घरघर राहते.

कायद्याला हे ठाऊक आहे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा 90 डेसिबलची. 95 असेल तर चार तास, 100 असेल तर दोनच तास. आवाजाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. अब्बांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कानात कापूस घातला तोही धुळीसाठी.

ईदच्या त्याच संध्याकाळी मी अब्बांच्या कानाला हेडफोन लावला. अम्मीने मान हलवली. अल्बमच्या मुखपृष्ठावर आगीत क्रूसावर टांगलेली माणसं आहेत. मोबाइलवर ते बघून ती "अल्ला, ये क्या चित्र हय" म्हणत आत गेली. गाणंबजावणं घरात चालतं की नाही, हा वाद आमच्याकडे जुना आहे. त्या दिवशी तो कुणी काढला नाही.

पहिलं गाणं लावलं. माझी अपेक्षा होती की अब्बा वैतागतील. ते ऐकत राहिले. नंतर लक्षात आलं, यातले ठोके आणि बास खालच्या पट्टीतले, म्हणून त्यांच्यापर्यंत पोचत होते. मांडीवर त्यांचं बोट ठोक्यावर हलायला लागलं. मिनिटभराने त्यांनी मला हाताने विचारलं, बंद कुठे करायचं? मी मोबाइलच्या स्क्रीनवर बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं.

"ये अच्छा हय," ते म्हणाले. "अपने हात में हय."

मी काही बोललो नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, या संगीतात कामगाराचं दुःख आहे. असेलही. पण मी ते माझ्या मर्जीने ऐकत होतो, नको तेव्हा थांबवत होतो. अब्बांच्या आवाजाचं बटण दुसऱ्याच्या हातात होतं.

पुण्याला परतल्यावर मी माझेही कान तपासून घेतले. 4,000 च्या जवळ माझ्या आलेखातही एक लहानसा खड्डा आहे. अब्बांचा मजुरीने पडला, माझा शौकाने. आता अल्बम कमी आवाजात ऐकतो आणि खरं सांगायचं तर तसा तो निम्माच उरतो. चालेल.

लातूरच्या मिलमध्ये आज तूर भरडणारी पोरं माझ्यापेक्षा लहान आहेत. कानात घालायचे फोमचे बोळे दोन-तीन चहाच्या पैशात मिळतात. तुमच्या ओळखीत कुणी अशा कामाला असेल, तर त्याला एवढं सांगा.