वलवणची महसीर

गेल्या पावसाळ्यात रविवारची सुट्टी साधून आमच्या अभ्यासिकेतील बारा मुले आणि त्यांचे काही पालक असे आम्ही लोणावळ्याला गेलो. लोक भुशी धरणावर भिजायला जातात. आम्ही परवानगी काढून वलवण तलावाकाठचे मत्स्यबीज केंद्र पाहिले. टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून येथे महसीर माशाची पैदास चालविली आहे.

हा मासा आपल्याच मुलखातला. कंपनी सरकारच्या लष्करातील साईक्स या अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याला स्वच्छ, वाहते पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणांनी वाट अडली, सांडपाणी वाढले, सुरुंग लावून मासे मारले गेले. मासा घटत गेला.

केंद्रात पिकलेल्या मादीचे पोट अलगद दाबून अंडी काढतात. त्यांत नराचे बीज मिसळून पिसाने हळुवार कालवतात. वाहत्या पाण्यात ठेवलेल्या अंड्यांतून तीन-चार दिवसांत पिल्ले निघतात. पिल्लाच्या पोटाशी अन्नाची पिशवी असते, सुरुवातीला ते त्यावरच जगते. "म्हणजे आईने डबा भरून दिला!" एक मुलगी म्हणाली.

सातवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, ही पिल्ले कुठल्याही नदीत सोडली तर चालतात?"

प्रश्न साधा, पण मोलाचा. येथील पिल्ले पूर्वी कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत पाठीवर उंचवटा असलेली तिची स्वतःची महसीर होती. पाहुणा वाढला, घरधनी मागे पडला. कावेरीच्या महसीरवर इतरही संकटे आली, पण हे त्यांतले एक मोठे कारण मानले जाते. 2018 साली जागतिक यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' ठरली. आपली महसीर मात्र त्याच यादीत आज धोक्याबाहेर आहे.

आम्हा कार्यकर्त्यांनीही हे लक्षात ठेवावे. वस्तीत मदत घेऊन जाताना तिथे आधीपासून काय आहे, लोकांना काय हवे आहे, हे आपण किती वेळा विचारतो? नुसती कळकळ पुरत नाही, तिला अभ्यासाची जोड लागते.

पालकहो, मुलांना वर्षातून एकदा तरी असे ठिकाण दाखवा. आणि तिथे त्यांना गप्प बसवू नका, प्रश्न विचारू द्या.