सायकल दाखवायची, तर सिंहगडला!

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी, गोळेवाडीला चक्कर टाका. हातात चहा, नजरा सायकलींवर! कुणाची कार्बनची, एका हाताने उचलावी अशी. कुणी बाबांची जुनी फ्रेम रंगवून आणलेली. 'वजन किती रे?' हा पहिला सवाल. खरा सवाल दुसरा: 'दाते किती?' पुढे ४६, मागे १६ म्हणजे एका पायडलला चाकाच्या जवळपास तीन फेऱ्या. कर्वे रोडवर झक्कास, घाटात गुडघ्यांचा भुगा! पुढे ३४, मागे ३२ असेल तर जेमतेम एक फेरी, दम टिकतो. जुन्या फ्रेमला गिअर बसतील? बसतात की! पोलाद वाकतं, चांगला कारागीर मागचा फाटा रुंद करून देतो. कार्बनला हे जमत नाही, बॉस! माळ्यावर बाबांची सायकल असेल, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी तिला घाट दाखवा.