बूच शोधायला गेलो, तेव्हा

अब्बांच्या इंतकालनंतर दोन वर्षांनी चाचा पहिल्यांदा आमच्या घरी बसायला आले. हातात त्यांच्या मुलीच्या निकाहची पत्रिका होती. त्याआधीची नऊ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. घराची वाटणी झाली तेव्हा जे काही तोंडातून निघालं, ते कुणालाच परत घेता आलं नाही. जनाज्याला चाचा आले होते, खांदाही दिला होता. पण बोलणं सलामापुरतंच झालं होतं.

ते गेल्यावर अम्मीने कपाट उघडलं आणि दादीअम्माची काचेची सुरई बाहेर काढली. म्हणाली, "मुलीला दादीचं नाव दिलंय. ही तिच्याकडेच जायला हवी. पण अशी उघड्या तोंडाची कशी द्यायची?"

सुरई आमच्या दादांनी आणलेली. ते बोटीवर कामाला होते आणि मुंबईतल्या एका लिलावात त्यांनी ती घेतली होती. जाड काच, पोटावर कापलेल्या चौकटी, लांब मान आणि त्यावर पैलूदार काचेचं बूच. साहेब लोक त्यात काय भरत असतील हे सगळ्यांनाच माहीत होतं. एका नातेवाईक बाईंनी तसं दादीअम्माला विचारलंही होतं. ती म्हणाली, "धुतली की पाक झाली. पुढे काय भरायचं ते आपल्या हातात." तिने त्यात गुलाबाचं सरबत भरलं, आणि तिच्या हयातीत रमजानमधल्या प्रत्येक इफ्तारला ती सुरई दस्तरखानावर असायची.

वाटणीत सुरई आमच्याकडे आली, पण बूच आलं नाही. "बूच त्यांनी ठेवून घेतलं," हे वाक्य ऐकतच आम्ही दोघी बहिणी मोठ्या झालो. अब्बा ते अगदी शेवटपर्यंत म्हणत. चाचांच्याही कानावर ते गेलं होतं. "एका बुचासाठी भावाने मला चोर ठरवलं," असं ते लोकांना सांगत. अकरा वर्षं सुरईच्या तोंडात कापडाचा बोळा होता.

निकाहला तीन आठवडे होते. आम्ही दोघींनी ठरवलं, मुंबईला जायचं आणि बूच घेऊनच यायचं.

खेडहून रात्रीची गाडी धरली, पहाटे दादरला उतरलो आणि लोकलने ग्रँट रोडला आलो. नागपाड्याला मामूंकडे पिशव्या टाकल्या आणि चहा घेऊन लगेच चोरबाजाराकडे निघालो. वार शुक्रवार आहे हे लक्षात होतं, पण त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळला. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर भरतो तो जुम्मा बाजार. जमिनीवर चादरी अंथरलेल्या आणि त्यावर नळाच्या तोट्या, एका पायाचा बूट, चष्म्यांच्या फ्रेमा, घड्याळांची यंत्रं, रेडिओचे डबे. इथल्या आरड्याओरड्यामुळे याला आधी शोर बाजार म्हणत आणि त्याचा पुढे चोर बाजार झाला, असं सांगतात. त्या सकाळी तरी ते पटलं.

एका चादरीवर आम्हाला बुचं दिसली. एक नाही, टोपलीभर! चपटी, गोल, टोकदार, पैलूदार. बाटल्या कधीच्या फुटून गेलेल्या आणि बुचं तेवढी मागे उरलेली. धाकटीने पर्समधून दोरा काढला. सुरईसारखी नाजूक वस्तू गर्दीत कशाला न्यायची म्हणून ती मामूंकडे ठेवली होती आणि मानेचं माप दोऱ्याने घेतलं होतं. टोपलीवाल्या चाचांनी तो दोरा पाहिला आणि हसू दाबत विचारलं, "बेटा, बूच बाटलीच्या बाहेर बसतं की आत?"

आम्ही माप मानेच्या बाहेरून घेतलं होतं.

त्यांनी मग एक बूच हातात देऊन नीट समजावलं. काचेच्या बुचाचा खालचा भाग दुधी दिसतो, कारण तो घासलेला असतो. तो वरून खाली थोडा निमुळता होत जातो. बाटलीच्या गळ्याची आतली बाजूही तशीच घासलेली असते. जुन्या काळी प्रत्येक बूच त्याच्या त्याच्या बाटलीत घासून बसवत. म्हणून एकाचं बूच दुसरीत सहसा बसत नाही, दोन्ही एकाच कारखान्यातली असली तरी. "जोडी असते ती," ते म्हणाले. "आणि माप दोऱ्याने नाही मिळत. बाटली घेऊन या."

सुरई आणायला परत गेलो. अजान झाली, जुम्म्याच्या नमाजसाठी गल्ल्या भरल्या आणि मग मोकळ्या झाल्या. बाजार तोवर उठलेला. मामींनी आणखी एक सुचवलं, "प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या काचसामानाची दुकानं आहेत. तिथे बघा." दुपारी सुरई टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून निघालो. भेंडी बाजार, पायधुणी, मग जामा मशीद. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद जुन्या हौदावर उभी आहे. पाण्यावरची मशीद म्हणून अब्बा तिच्याबद्दल नेहमी सांगत. बाहेरूनच सलाम करून काळबादेवीकडे वळलो.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात वेगळीच दुनिया. चंचुपात्रं, नळ्या, चंबू आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत मापावर लावून ठेवलेली काचेची बुचं. दुकानदाराने सांगितलं, यांना आकडे असतात. १९/२६ किंवा २४/२९. पहिला आकडा म्हणजे घासलेल्या भागाच्या वरच्या टोकाची रुंदी आणि दुसरा त्या भागाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. उतारही सगळ्यांचा एकच, दहा मिलिमीटर खाली गेलं की रुंदी एक मिलिमीटर कमी. त्यामुळे या मापाचं कुठलंही बूच त्याच मापाच्या कुठल्याही बाटलीत बसतं.

त्याने २४/२९ चं बूच आमच्या सुरईत ठेवलं. वर बसल्यासारखं वाटलं, पण बोट लावताच डुगडुगलं. वरची कड टेकलेली आणि खाली फट. "तुमच्या गळ्याचा उतार वेगळा आहे," तो म्हणाला. "ही सुरई मापं ठरायच्या आधीची दिसते. हे चालणार नाही." त्याला विकायचं असतं तर त्याने विकलं असतं. त्याने विकलं नाही, याचं आम्हाला बरं वाटलं. निघताना त्याने सुरईच्या काठाजवळ भिंग धरलं. "हा आकडा बघितलात?" बारीक टोकाने कोरलेले दोन अंक होते, २३. लहानपणी आम्ही ती किंमत समजायचो. तो म्हणाला, "जुन्या कामात बाटलीवर आणि बुचाच्या तळाशी एकच आकडा कोरत. जोड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून."

रात्री मामूंकडे कुणाला फार भूक नव्हती. सुरई टेबलावर होती, बोळ्यासकट. धाकटी म्हणाली, "२३ नंबरचं बूच चाचांच्या घरी असेल. मग आपण कशाला फिरतोय?" यावर कुणी काही बोललं नाही.

शनिवारी मटन स्ट्रीटची दुकानं उघडी होती. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे पितळी दिवे, हिंदी सिनेमांची जुनी पोस्टरं, लंबकाची घड्याळं. एका दारात प्रभाकर कंदील टांगलेला. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या काच कारखान्याचा तो कंदील आम्ही आमच्या नानींच्या पडवीत पाहिला होता, म्हणून क्षणभर थांबलो. चौथ्या दुकानात एका बुजुर्गांनी सुरई हातात घेतली, नखाने हलकेच वाजवली आणि कान लावला. आवाज लांबत गेला. "शिशाची काच आहे," ते म्हणाले. "म्हणून इतकी जड आणि इतकी झळाळी. सरबत वाढायला खुशाल वापरा, पण भरून ठेवू नका. आंबट तर नाहीच. शिसं उतरतं." आमच्या कोकणातलं कोकम सरबत त्यात दादीअम्माने कधी भरलं नव्हतं. गुलाबाचंही ती इफ्तारच्या आधी भरायची आणि रात्री सुरई धुऊन उलटी ठेवायची. तिला हे कुणी सांगितलं असेल?

त्यांनी खणातून बुचं काढली. सातवं आमच्या सुरईच्या जातीचं होतं, तसेच पैलू, फक्त खाली किंचित जाड. आठशे सांगितले, साडेतीनशेवर आले. "आता हे घासावं लागेल," ते म्हणाले आणि मागच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे पाठवलं.

कारागिराने आधीच सांगितलं, "गळ्याला तडा गेला तर जबाबदारी तुमची." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. निकाह जवळ आलेला, सुरई दादीअम्माची आणि हो म्हणायचं होतं आम्हाला. आम्ही हो म्हटलं.

त्याने बुचावर पेन्सिलीने उभ्या रेघा ओढल्या, गळ्यात घालून हलकेच फिरवलं आणि बाहेर काढलं. जिथल्या रेघा पुसल्या, तिथे काच टेकत होती. तेवढीच जागा त्याने चाकावर, पाण्याची धार धरून घासली. पुन्हा रेघा, पुन्हा फिरवणं. मग कार्बोरंडमची भुकटी पाण्यात कालवून बुचाला लावली आणि ते गळ्यात घालून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहिला. मध्येच उचलायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. आधी जाड भुकटी, मग बारीक. जोर लावायचा नाही आणि काच तापू द्यायची नाही. "यात फक्त बूच घासत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "गळाही थोडा घासतो. दोघं झिजले तरच बसतं."

दीड तास लागला. शेवटी त्याने बूच घातलं आणि सुरई हळूच तिरकी केली. पाण्याचा थेंबही आला नाही. निघताना दोन गोष्टी सांगितल्या. ओली असताना बंद करू नका, बूच अडकतं. आणि अडकलंच तर ओढाताण नको, गळ्याभोवती कोमट पाण्याचं फडकं धरा, फटीत तेलाचा थेंब सोडा आणि थांबा.

निकाहच्या आदल्या संध्याकाळी अम्मीबरोबर आम्ही चाचांच्या घरी गेलो. अम्मीने सुरई चाचींच्या पुढ्यात ठेवली. चाचींनी नव्या बुचाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत कापसात बुचाचे तीन तुकडे. तळाच्या तुकड्यावर बारीक कोरलेलं, २३.

"सामान हलवताना माझ्या हातून पडलं, भाभी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरात सगळ्यांचे आवाज चढलेले. भीती वाटली. मग आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. यांनासुद्धा सांगितलं नाही. भाईजान गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं."

चाचा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते तिथेच खाली बसले.

अम्मीने चाचींचा हात धरून ठेवला. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "सरबत कर. मुलीच्या हाताने भरू दे." तुकड्यांचा डबा तिने सुरईशेजारीच ठेवला आणि दोन्ही नवरीच्या सामानात गेले.

आम्हाला मुंबईच्या त्या दोन दिवसांचा पस्तावा नाही. पण तुमच्या घरात असं एखादं बूच, एखादी चावी, एखादी वाटी हरवलेली असेल आणि ती अमुक एकाने ठेवून घेतली असं वर्षानुवर्षं बोललं जात असेल, तर बाजारात जाण्याआधी त्या घरी एकदा जाऊन या. हिशेब मागायला नाही, चहा प्यायला जा.