मामा, जहाज आणि मायक्रोवेव्ह

धंतोलीत काय आहे असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. दवाखाने, औषधांची दुकानं, रामकृष्ण मठ आणि गाडी कुठे लावायची यावरून रोजची भांडणं. समुद्र तेवढा नाही. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत खारं पाणी लागत नाही. तरी माझा मामा जहाजावर आहे! इलेक्ट्रिकल ऑफिसर. सहा महिने पाण्यावर आणि उरलेले महिने धंतोलीत आजीच्या घरी, बनियनवर, पेपर वाचत.

रविवारी संध्याकाळी आपल्या मेसला सुट्टी असते, म्हणून मी आजीकडे जेवायला जातो. मामा सुट्टीवर असला की जेवणाबरोबर एक व्हायवाही होतो. या वेळचा विषय होता मायक्रोवेव्ह ओव्हन. कारण आजीचा ओव्हन बंद पडला होता, आणि त्याआधी मामाच्या जहाजावरचाही पडला होता.

आधी जहाजाचं सांगतो. ऑस्ट्रेलियाहून कोळसा घेऊन विशाखापट्टणमकडे निघालेलं जहाज. किनारा अजून अकरा दिवस दूर. रात्री स्वयंपाकी झोपायला जाताना गॅलीच्या शेगड्या बंद करतो. त्यामुळे रात्री बारा ते चारच्या वॉचवाल्यांना गरम खायचं असेल तर मेसमधला मायक्रोवेव्ह हाच आधार. आणि तोच एका रात्री असहकार पुकारून बसला. दिवा लागतो, थाळी फिरते, टाइमर टिंग करतो, पण भात थंडच. आतून आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा, जाडा गुणगुणाट. मामा म्हणतो, "माणसं वादळ सहन करतात रे, पण रात्री दोन वाजता थंड वरण नाही सहन करत."

आता गंमत बघा. मायक्रोवेव्हचं हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन, आणि तो मुळात रडारसाठी आला. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातला खाऊ चालू मॅग्नेट्रॉनजवळ विरघळला, त्यातून हा ओव्हन निघाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोचा होता! म्हणजे जहाजावर दोन्ही भावंडं एकत्र नांदतात. एक वर रडारमध्ये, एक खाली मेसमध्ये. मामाच्या स्टोअरमध्ये रडारचा नवा कोरा स्पेअर मॅग्नेट्रॉन होता. पण तो ९.४ गिगाहर्ट्झचा, ओव्हनला हवा २.४५ चा. शिवाय मामाचा संशय मॅग्नेट्रॉनवर नव्हताच. त्या जाड्या गुणगुणाटावरून त्याला वाटलं की हाय व्होल्टेज डायोड शॉर्ट झालाय.

काम सुरू करण्याआधीची तयारी मामाने मला दोनदा सांगितली, म्हणून मीही सविस्तर लिहितो. जहाजावर साधारणपणे न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. दोन्ही वायरी जिवंत. म्हणून ब्रेकर दोन्ही पोलचा उघडायचा, कुलूप लावायचं, पाटी लावायची, आणि प्लगही काढायचा. मग आतला कपॅसिटर. साधारण एक मायक्रोफॅरड, २१०० व्होल्टचा. त्यात डिस्चार्जसाठी आतच एक रेझिस्टर असतो, पण तो तुटला तर बाहेरून कळत नाही. काही ज्यूल ऊर्जा त्यात बसलेली असते. ऐकायला कमी वाटते, पण लोखंडी डेकवर उभ्या माणसाला पुरेशी. त्याहून वाईट म्हणजे चालू ट्रान्सफॉर्मर. दोन हजार व्होल्ट, आणि करंट देण्यात अजिबात कंजूषपणा नाही. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून स्पॉट वेल्डर करायचा बेत आपल्या प्रत्येक विंगमध्ये एकाचा तरी असतो. त्याने हा परिच्छेद परत वाचावा.

डायोड तपासायलाही युक्ती लागते. आत कितीतरी जंक्शन्स एका ओळीत असतात, त्यामुळे साधं मल्टिमीटर चांगल्या डायोडलाही दोन्ही बाजूंनी ओपन दाखवतं. मामाने इमर्जन्सी बॅटरीचे २४ व्होल्ट घेतले, मीटर व्होल्टवर ठेवून डायोडच्या सिरीजमध्ये लावला. सरळ लावला तर २४, उलटा लावला तरी २४. म्हणजे शॉर्ट. निदान पक्कं! पण समुद्रात डायोड कोण देणार?

स्टोअरच्या कोपऱ्यात त्याआधीचा मेलेला ओव्हन पडून होता. तो कुठल्यातरी भारतीय बंदरावर घेतलेला, ५० हर्ट्झचा. जहाजाची वीज ६० ची. त्यामुळे त्याची थाळी वीस टक्के भरभर फिरायची आणि मॅग्नेट्रॉन जरा जास्तच तापायचा. अखेर मॅग्नेट्रॉन गेला, पण डायोड ठणठणीत होता. अर्ध्या तासात बदली झाली, आणि बाराच्या वॉचला गरम वरण मिळालं.

हे ऐकून मला वाटलं, झालं! आजीचा ओव्हन तर हा चहा पिता पिता करेल.

आजीचं प्रकरण साधं नाही. ती वरच्या दोन खोल्या पेशंटच्या नातेवाइकांना देते. वणी, पुसद, गोंदिया, कुठून कुठून आलेली माणसं असतात. कुणी रात्री एकला दवाखान्यातून येतं, डबा थंड झालेला असतो. कुणाच्या कडेवर लेकरू असतं, त्याला दूध हवं. आजी उठते, ओव्हन लावते, पाळीवर असल्यासारखी. तोच ओव्हन मध्येच बंद पडू लागला होता. एक मेकॅनिक येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काही नाही काकू, दरवाज्याचा स्विच दाबून नाही राहिला. तिन्ही स्विच डायरेक्ट करून देतो, दीडशे रुपये."

मामाने कव्हर न उघडता आधी दरवाजा बघितला. सिंकजवळच्या ओलीने खालची बिजागरी गंजलेली. दार लोंबलेलं, एका कोपऱ्यात फट. त्याने कागदाची पट्टी दारात धरून ओढली, ती सहज निघाली. तेवढ्यावर तो म्हणाला, "नवीन घ्या."

मी चिडलोच. जहाजावर मेलेल्यातून जिवंत करतोस आणि इथे सीताबर्डी दहा मिनिटांवर आहे म्हणून लगेच नवीन? हा कसला न्याय? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय, वगैरे सगळं मी बोललो. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डायोड काम करतो. गेला तर भात थंड राहतो, बस. दरवाजा काम नाही करत, तो राखण करतो. दोघांना एक नियम कसा लावशील?"

ते तीन स्विच उगाच नसतात. दार उघडं असताना पहिला चिकटून बसला, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. तिन्ही डायरेक्ट केले की उघड्या दारानेही ओव्हन चालू राहणार. दारातून किती गळती चालते त्याची मर्यादा ठरलेली आहे, पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट. लोंबलेल्या दाराचा आकडा आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हतं, आणि आजी रोज रात्री त्याच दारासमोर उभी राहते. कधी कुणाचं लेकरू कडेवर घेऊन.

नवं दार मिळालं असतं तर मामा बसवायला तयार होता. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्या मॉडेलचं दार येणं बंद झालं होतं. याचा राग मला अजूनही आहे. बारा वर्षं चाललेली वस्तू एका बिजागरीपायी जाते, आणि पाहिजे तो पार्ट मिळत नाही. मामाचा निर्णय मला पटला, पण हे पटत नाही.

सोमवारी नवीन ओव्हन आला. आजीने त्याची जागा बदलली, सिंकपासून दूर, फ्रीजच्या बाजूला. जुन्याची वायर मामाने आधी कापून टाकली, म्हणजे भंगारवाल्याकडून कुणी घेऊन परत लावायला नको. ट्रान्सफॉर्मरवर माझा डोळा होता. तो मला मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी मामा निघाला. बॅगेत आजीने दिलेला चिवडा, आंब्याचं लोणचं, आणि एका काडेपेटीत कापसात गुंडाळून ठेवलेला जुन्या ओव्हनचा डायोड.