टेलिफोटो लेन्सचा पाय आणि पट्ट्याची जोडणी

टेलिफोटो लेन्सचा पाय तिपाईवर बसवण्यासाठी घडवलेला असतो आणि ताडोबात तिपाई उभी करायला जागा नसते. लेन्सचा मूळ पाय काढून दुसरा बसवू पाहणाऱ्याने विचाराची सुरुवात या विसंगतीपासून करायला हवी. १९५५ मध्ये घोषित झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ मधील अंधारी अभयारण्य मिळून जो व्याघ्र प्रकल्प झाला, त्यात छायाचित्रकार उघड्या जिप्सीतून फिरतो, त्याच्यासोबत चालक, मार्गदर्शक आणि अनेकदा अनोळखी सहप्रवासी असतात, आणि ठरवून दिलेल्या थांब्यांखेरीज त्याला गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही. गडचिरोलीत चित्र उलटे आहे. आलापल्लीचे जुने सागवान, प्राणहितेचा काठ किंवा रानम्हशींसाठी राखलेले कोलामार्का येथे पुष्कळसे काम पायी करावे लागते, त्यामुळे लेन्स तासन् तास खांद्यावर लोंबत राहते. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पायाची निवड तिपाईच्या हिशेबाने न करता, लेन्सचे वजन प्रत्यक्षात कशावर टेकते आणि कशाला लटकते या हिशेबाने करावी, आणि पाय व पट्टा या दोन वेगळ्या खरेदी न समजता तो एकच निर्णय समजावा.

लांब पल्ल्याच्या लेन्सच्या मध्यभागी जे कडे असते त्याला कॉलर म्हणतात. ते सैल केले की लेन्स आपल्या अक्षाभोवती फिरते आणि आडवी चौकट उभी करता येते. या कॉलरच्या खाली जो धातूचा ठोकळा निघालेला असतो तो लेन्सचा पाय. काही लेन्सना तो स्क्रूंनी जोडलेला असतो, काहींचा कळ दाबून किंवा गोल मूठ सैल करून सरकवून काढता येतो, तर काहींची अख्खी कॉलरच निघते. वजनांचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर निकॉनची २००–५०० मिमी लेन्स कॉलरसह सुमारे २३०० ग्रॅम, त्याच कंपनीची झेड माउंटची १८०–६०० मिमी सुमारे २१४० ग्रॅम, सोनीची २००–६०० मिमी पाय न धरता सुमारे २११५ ग्रॅम आणि सिग्माची १५०–६०० मिमी काँटेम्पररी सुमारे १९३० ग्रॅम भरते. हौशी छायाचित्रकारांच्या हातात याच लेन्स अधिक दिसतात, आणि त्यात कॅमेऱ्याचे वजन वेगळे मिळवावे लागते.

मूळ पाय बदलण्याचे सर्वांत ठोस कारण त्याच्या तळाशी सापडते. बऱ्याच कंपन्या पायाचा तळ सपाट ठेवतात आणि त्यात पाव इंची स्क्रूचे भोक देतात. तिपाईच्या पकडीत तो बसवायचा तर खाली एक वेगळी पट्टी स्क्रूने आवळावी लागते, आणि एकाच स्क्रूवर धरलेली पट्टी धक्क्यांनी हळूहळू तिरकी फिरते. स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या आर्का-स्विस कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत पट्टीच्या दोन्ही कडा तिरप्या कापलेल्या असतात, सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात त्या सांध्याप्रमाणे, आणि पकड त्या कडांना दोन्ही बाजूंनी दाबून धरते. बदली पायाच्या तळालाच असे खाचे कापलेले असतात, त्यामुळे मधली पट्टी आणि तिचा स्क्रू दोन्ही गळून पडतात. येथे एक सावधगिरी हवी. या पद्धतीला कोणत्याही अधिकृत संस्थेचे मानक नाही. रुंदी साधारण ३८ मिमी धरली जाते, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या मापांत किंचित फरक पडतो. स्क्रू फिरवून आवळायची पकड हा फरक सामावून घेते. खटक्याने मिटणारी पकड मात्र एकाच रुंदीला जुळवलेली असल्याने एखादा पाय तिच्यात ढिला राहतो आणि दुसरा शिरतच नाही. टॅमरॉनच्या १५०–६०० मिमी जी-टूसारख्या काही लेन्सना असा पाय कारखान्यातूनच मिळतो, आणि त्यांच्या मालकांनी केवळ पट्ट्याच्या सोयीसाठी खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पायाची उंची हा जिप्सीतला खरा प्रश्न आहे. उंच पाय हातात धरून लेन्स उचलायला सोयीचा असतो, बोटे त्याच्या आणि नळीच्या मधून आरामात जातात. पण गाडीच्या आडव्या दांडीवर बीनबॅग, म्हणजे धान्य भरलेली कापडी पिशवी, ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हाच उंच पाय पिशवीत रुततो आणि लेन्स त्यावर डोलू लागते. अशा वेळी कॉलर फिरवून पाय वर घ्यावा आणि नळीच पिशवीत बसवावी, किंवा मुळातच बुटका आणि रुंद तळाचा पाय निवडावा. बुटका पाय कंपही कमी करतो, कारण आधार आणि लेन्सचा अक्ष यांतले अंतर घटते. पिशवी प्रवासात रिकामी आणावी आणि येथेच भरावी. चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख असल्याने पिशवीभर तांदूळ कोणत्याही बाजारात मिळतो.

लांबीचा विचार लेन्सच्या रचनेवरून करावा. सोनीची २००–६०० किंवा निकॉनची १८०–६०० ही लेन्स झूम करताना लांब होत नाही, तिची भिंगे आतल्या आतच सरकतात, त्यामुळे तोल फारसा हलत नाही आणि आखूड पाय पुरतो. निकॉनची २००–५०० किंवा सिग्माची १५०–६०० मात्र पुढे वाढते, आणि तिचा गुरुत्वमध्य पुढे सरकला की पकडीत पाय मागे ओढून तोल साधावा लागतो. त्यासाठी लांब पाय हवा. मात्र ही लांबी तिपाई किंवा मचाण यांच्यासाठीच उपयोगी ठरते. जो केवळ गाडीतून काम करणार, त्याने लांब पायाचे ओझे घेऊ नये.

चांगला पाय अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापलेला असतो आणि त्यावर ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा कठीण थर, असतो. स्वस्त नकलांत खोट बहुधा धातूत नसते; ती लेन्सला टेकणाऱ्या पृष्ठभागात आणि भोकांच्या अंतरात असते. पाय बसवून स्क्रू आवळल्यावर तो सांधा उजेडासमोर धरून पाहावा, आणि प्रकाशाची बारीक रेघ दिसली तर तो पाय परत करावा, कारण ती फट स्क्रूंवर वाकण्याचा ताण टाकते. चंद्रपूर-बल्लारपूरच्या पट्ट्यात लेथ आणि मिलिंगचे काम करणारे कुशल कारागीर आहेत आणि त्यांच्याकडून पाय बनवून घेण्याचा मोह होतो, पण तिरप्या कडांचा कोन आणि टेकणीची सपाटी नमुना समोर ठेवून काटेकोर मोजूनच साधते. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर ते काम सोपवू नये.

स्क्रूंकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि बहुतेक अपघात तेथेच घडतात. खडबडीत वाटेवर जिप्सीचे सतत हादरणे हे स्क्रू सैल करणारे यंत्रच आहे. त्यावर निळ्या रंगाचे लॉकटाइट वापरावे. हा चिकट द्रव हवा नसलेल्या जागी, धातूच्या स्पर्शाने कडक होतो आणि नंतर साध्या किल्लीने सुटतो. लाल रंगाचे कधीही वापरू नये, कारण ते सोडवण्यासाठी उष्णता द्यावी लागते आणि लेन्सला तशी उष्णता देता येत नाही. निळ्यालाही पूर्ण पकड घ्यायला सुमारे २४ तास लागतात, त्यामुळे पहाटे मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारावर रांगेत लागायचे असताना आदल्या रात्री ते लावण्यात अर्थ नाही. किल्ली नेमक्या मापाची हवी. थोडी लहान किल्ली षट्कोनी खाचेत आधी घसरते, मग कोपरे गोल करते, आणि एकदा कोपरे गेले की तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो.

आता पट्टा. कॅमेऱ्याच्या दोन्ही खांद्यांवरच्या कड्या कॅमेऱ्याचे आणि लहान लेन्सचे वजन पेलण्यासाठी असतात. तेथे पट्टा बांधून पुढे २.१ किलोची लेन्स आडवी तरंगत ठेवली आणि तिचा गुरुत्वमध्य माउंटपासून १२ सेंटिमीटरवर धरला, तर माउंटवर सुमारे २.५ न्यूटन-मीटर पीळ येतो, आणि गाडी खड्ड्यात आदळताना तो काही पटींनी वाढतो. म्हणून जड लेन्सचा पट्टा लेन्सलाच लावावा, कॅमेरा तिच्या आधाराने राहू द्यावा. बदली पायांत यासाठी क्यूडी सॉकेट नावाचे गोल भोक असते. ही रचना बंदुकीच्या पट्ट्यांवरून आली आहे: पट्ट्याच्या टोकाला एक लहान दांडा, त्याच्या कडेला पोलादी गोळ्या, मध्ये बटन, अंगठ्याने बटन दाबले की गोळ्या आत सरकतात, दांडा भोकात शिरतो, आणि बटन सोडले की गोळ्या भोकातल्या खाचेत अडकतात. उन्हाळ्यात ताडोबाची पिठासारखी धूळ याच खाचेत साचते. मग गोळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, दांडा बसल्यासारखा वाटतो आणि बसलेला नसतो. बटन पूर्ण वर आले आहे हे बोटाने चाचपावे, जोरात एक हिसका देऊन पाहावा, आणि रोज संध्याकाळी भोक कोरड्या ब्रशने झाडावे. तेल लावू नये, कारण तेल धूळ धरून ठेवते. ॲल्युमिनियममध्ये थेट कोरलेल्या भोकापेक्षा आत पोलादी नळी बसवलेले भोक अधिक टिकते. दांडा पूर्ण गोल फिरू न देणारे भोक निवडावे, नाहीतर पट्ट्याला पीळ पडतो.

पायाच्या स्क्रू-भोकात कडी आवळून तिला पट्टा लावण्याची पद्धत स्वस्त आहे, पण चालताना लेन्स झुलते तशी कडी उलट फिरून सैल होऊ शकते, म्हणून पायी भटकंतीसाठी ती टाळावी. विणलेल्या दोरीच्या टोकाला चकती असलेले अँकर पीक डिझाइनने रूढ केले. त्यांच्या दोरीत आत वेगळ्या रंगाचा धागा असतो आणि तो दिसू लागला की अँकर बदलायची वेळ झालेली असते. पायाच्या भोकाची कड धारदार असेल तर ही दोरी लवकर कातरली जाते, त्यामुळे कडा गोल केलेल्या भोकातच ती ओवावी.

पट्टा पायाला, पाय स्क्रूंना आणि स्क्रू कॉलरला टांगलेले असल्याने यांतला एक दुवा सुटला की सगळे खाली जाते. कळ दाबून निघणारा पाय असलेल्या लेन्सबाबत हा धोका अधिक आहे, आणि तेथे कळीला दुसरे कुलूप नसेल तर पायाला पट्टा लावूच नये. पाय भक्कम असला तरी कॅमेऱ्याच्या कडीतून एक आखूड दोरी पट्ट्याला जोडून ठेवावी, जी रोज सैल राहील आणि पाय सुटला तरच ताणली जाईल. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात लेन्स गाडीबाहेर पडली तर ती उचलायला छायाचित्रकाराला उतरता येत नाही, आणि प्राणहितेच्या खडकाळ काठावर ती पडली तर उचलण्यासारखे फारसे उरत नाही. गडचिरोलीत चालताना लेन्स पुढच्या टोकाकडून खाली लोंबते, म्हणून वाढणाऱ्या लेन्सचे झूम-कुलूप लावावे आणि कॉलरची मूठ आवळावी, नाहीतर कॅमेरा मांडीवर आपटत फिरत राहतो.

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. त्याच महिन्यांतल्या दमट हवेत पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात गंज धरतो, म्हणून पाय काढून खाचे पुसावेत, जुने लॉकटाइट ब्रशने खरवडावे, डोके झिजलेले स्क्रू टाकून नवे घ्यावेत, आणि जोडणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी, म्हणजे एखादा स्क्रू मागवावा लागला तरी वेळ हाताशी राहतो.