नाताळ, मुलें आणि सांताक्लॉज

डिसेंबर लागला कीं ख्रिस्ती कुटुंबांत गव्हाणीची मांडणी, दारावरची कागदी चांदणी व करंज्यांच्या सारणाचा वास या गोष्टी जशा ओघानें येतात, तसा अलीकडे एक प्रश्नही येतो. सांताक्लॉजचें काय करावें? ज्यांचीं मुलें मोठीं झालीं त्यांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु घरांत सात व चार वर्षांचीं दोन मुलें असलीं म्हणजे तो क्षुल्लक राहत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरीं सांताचें नांवही काढीत नाहींत. त्या गृहस्थांचें म्हणणें असें कीं, डोळ्यांस न दिसणाऱ्या देवाविषयीं आपण मुलांस सांगतों आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या सांताविषयींही सांगतों. पुढें दुसरा खोटा ठरला म्हणजे पहिल्याविषयीं मुलानें काय समजावें? दुसऱ्या एका घरीं याच्या अगदीं उलट प्रकार. तेथें बाप मध्यरात्रीं उठून पिठाचीं पावलें उमटवितो व अर्धी खाल्लेली करंजी ताटलींत ठेवून देतो. सकाळीं मुलें आनंदानें नाचतात. तो आनंद खोटा असतो असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं.

माझ्या पत्नीचा कल प्रथम या दुसऱ्या घराकडे होता. ती म्हणे, "काऊचें घर पावसांत वाहून गेलें असें आपण मुलांस रोज सांगतों, तेव्हां आपणांस कोणी लबाड म्हणतें काय?" मुद्दा बिनतोड वाटे. तथापि काऊच्या घराचा पुरावा म्हणून कोणी अंगणांत शेण कालवून ठेवीत नाहीं. गोष्ट सांगणें निराळें आणि तिचे पुरावे रचणें निराळें, एवढाच काय तो माझा आक्षेप होता.

हा वाद आमच्या वडील मुलानें मिटविला. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा, त्याचा खेळगडी. एके दिवशीं शाळेंतून येतांच त्यानें विचारलें, "बाबा, सांता चांगल्या मुलांना खेळणीं देतो ना? मग त्याला कधींच कांहीं कां देत नाहीं? तो तर माझ्यापेक्षां शहाणा आहे!" या प्रश्नास सांता खरा मानून देतां येईल असें उत्तर मला सांपडलें नाहीं. सांता खरा म्हणावा, तर तो गरीब पोर वाईट ठरतो. आणि ज्याचा जन्मदिवस आपण पाळतों, तो तर स्वतःच गव्हाणींत निजला होता!

तेव्हां मुलांस मूळ हकीकत सांगावयाचें आम्हीं ठरविलें. हल्लींच्या तुर्कस्तानांत मायरा म्हणून नगर होतें. तेथें चौथ्या शतकांत निकोलस नांवाचे बिशप होऊन गेले. त्यांच्याविषयीं परंपरेनें एक कथा सांगतात. एका दरिद्री पित्यास तीन कन्या होत्या व हुंड्यावांचून त्यांचीं लग्नें होईनात. निकोलसांनीं रात्रीच्या अंधारांत त्याच्या खिडकींतून सोन्याच्या थैल्या आंत टाकल्या. हुंडा म्हणजे काय हें आपल्या देशांत निराळें सांगावें लागत नाहीं. आमच्या आईचे डोळे ही कथा ऐकतां ऐकतां भरून आले. निकोलसांचा सण 6 डिसेंबरचा. डच लोक त्यांस सिंटरक्लास म्हणत, व त्यांच्याच आठवणींतून अमेरिकेंत सांताक्लॉज निपजला. 1823 सालीं तेथील एका वृत्तपत्रांत आलेल्या कवितेनें त्याची आठ रेनडियरांची गाडी लोकप्रिय केली. 1863 पासून थॉमस नास्ट या चित्रकारानें त्याचें रूप रेखाटलें. तांबडा झगा कोका-कोला कंपनीनें दिला असें पुष्कळ लोक सांगतात, तें बरोबर नाहीं. त्या कंपनीचीं प्रसिद्ध चित्रें 1931 पासूनचीं. झगा त्यापूर्वींच तांबडा झाला होता.

1897 सालीं न्यूयॉर्कच्या 'सन' पत्रास एका आठ वर्षांच्या मुलीनें सांता खरा आहे काय असें विचारलें. प्रेम व औदार्य जसें खरें तसा सांताही खरा, अशा आशयाचा अग्रलेख संपादकांनीं लिहिला व तो जगभर गाजला. लेख सुंदर खरा. पण मुलीनें विचारलें एक आणि उत्तर मिळालें दुसरेंच, असें मला नेहमीं वाटतें.

आमच्या घरीं आतां सांता हा भातुकलीसारखा खेळ आहे. भातुकलींतला भात खोटा हें ठाऊक असूनही मुलें तो मिटक्या मारीत खातातच कीं! यांतही अडचणी येतात. आमच्या चिरंजीवांनीं वर्गांत हें सत्य जाहीर केल्यामुळें एक मुलगी रडूं लागली व तिची आई रागावून आमच्या दारीं आली. दुसऱ्याचा खेळ मोडूं नये, हाही धडा मग शिकवावा लागला. धाकटीचा प्रश्न याहून अवघड होता. "मग बाळ येशूही खेळांतलाच का?" मी शब्द जुळवीत होतों, तोंच आईनें करंजीस मुरड घालतां घालतां म्हटलें, "नाहीं गं बाळ. त्याला मी रोज पहाटे हांक मारतें, तूं ऐकलें आहेस ना?" धाकटीनें मान हलविली व सारणाची वाटी पुढें ओढली.

गेल्या वर्षीं 6 डिसेंबरच्या रात्रीं निकोलसांप्रमाणें गुपचूप देणगी द्यावयाची, असें मुलांनींच ठरविलें. दोघांनीं खाऊचे पैसे सांठवून एक रंगांची पेटी आणली, व काळोख पडल्यावर आम्हीं तिघांनीं ती त्या खेळगड्याच्या उंबऱ्यावर ठेवून पळ काढला. ही गोष्ट कोणासही सांगावयाची नाहीं, अशी वडील मुलानें बहिणीस शपथ घातली होती. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आईबरोबर आमच्या अंगणांत येतांच धाकटी धांवत पुढें झाली व म्हणाली, "ती रंगांची पेटी आम्ही नाहीं हं ठेवली!"