जुनी डिस्क, नवा मदरबोर्ड

नवा संगणक जोडतोय म्हटलं की जो तो सांगतो, सिस्टीमही नव्यानं टाक, जुना पसारा कशाला वाहतोस? सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण मला तो मुळीच पटत नाही.

माझी डेबियन लिनक्स २०१५ सालच्या ‘जेसी’पासून चालू आहे. त्याच सिस्टीमवर पुढे स्ट्रेच, बस्टर, बुल्सआय, बुकवर्म चढत गेल्या. ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची ही नावं. मधे सिस्टीम एकदाही पुसलेली नाही. डिस्कचा कुठला विभाग कुठे जोडायचा हे सांगणारी एफएसटॅब फाइल उघडली, तर स्थापनेच्या दिवशी इन्स्टॉलरनं लिहिलेली टीप अजून तिथं दिसते: मूळ विभाग तेव्हा कोणत्या डिस्कवर होता. त्याखाली त्या विभागाचा लांबलचक यूयूआयडी. विभाग या क्रमांकानं ओळखला जातो. म्हणून डिस्कची केबल नव्या बोर्डावर कुठल्याही सॅटा पोर्टात खोचली तरी चालते.

इंटेलच्या जुन्या बोर्डावरून ती डिस्क एएमडीच्या नव्या बोर्डावर नेली. पहिली अडचण आली ती डिस्कबाहेरची. यूईएफआयमध्ये बूटची नोंद मदरबोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असते, आणि ती जुन्या बोर्डाबरोबर मागे राहिली. पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन सुरू करून ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवला, तेव्हा नव्या बोर्डाला डिस्कवर काय आहे ते कळलं.

मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. हे दृश्य मला अजूनही थरारून टाकतं. लिनक्सचा कर्नल काल काय होतं यावर विसंबत नाही. प्रत्येक वेळी सुरू होताना तो पहिल्यापासून विचारपूस करतो: प्रोसेसर कोणता, रॅम किती, कुठल्या बसवर कोण बसलंय? प्रत्येक पीसीआय उपकरण आपल्या उत्पादकाचा आणि स्वतःचा क्रमांक सांगतं, आणि त्यावरून जुळणारा ड्रायव्हर चढतो. डेबियनच्या सुरुवातीच्या रॅम-प्रतिमेत नेहमीच्या मांडणीत फक्त याच यंत्राचे नाही, तर बहुतेक सगळ्या डिस्क-कंट्रोलरांचे ड्रायव्हर भरलेले असतात. गावाहून निघताना आजी ‘असू दे, लागलं तर’ म्हणत पिशवी भरते, तसे. त्या अनोळखी बोर्डावर लॉगिनची पाटी आली ती याच भरलेल्या पिशवीमुळे.

फक्त इंटरनेट नव्हतं. नेटवर्क कार्डाचं नाव ते कुठल्या बसवर, कुठल्या स्लॉटात आहे त्यावरून पडतं. नव्या बोर्डावर ती जागा निराळी, म्हणून नावही निराळं. नेटवर्कच्या मांडणीच्या फाइलीतला एक आकडा बदलला आणि काम झालं.

आत गेल्यावर मी सर्वात आधी मशीन-आयडी पाहिला. बत्तीस अक्षरांची ती ओळख स्थापनेच्या वेळी तयार झालेली. ती होती तशीच होती. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कॅबिनेट, सगळं बदललं, तरी स्वतःच्या लेखी हे तेच यंत्र. मलाही तसंच वाटतं. इन्स्क्रिप्टची माझी मांडणी, रात्री आपोआप चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट, आणि लिबरऑफिसचा वैयक्तिक शब्दकोश. तो म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. शुद्धलेखन तपासणाऱ्यानं ज्यांच्याखाली लाल रेघ मारली आणि मी ‘शब्दकोशात घाला’ म्हटलं, ते सगळे शब्द तिच्यात ओळीनं उभे आहेत: लामणदिवा, परसदार, पागोळ्या, उंबरठ्यापाशी. कोणत्या लेखासाठी कोणता घातला, तेही मला आठवतं. कोऱ्या पाटीवर यातलं काय उरलं असतं?

जुना बोर्ड आणि प्रोसेसर भाचीला दिले. तिच्यासाठी मात्र नव्या डिस्कवर नवी कोरी डेबियन टाकली. माझ्या शब्दांचं ओझं तिला कशाला? संगणक हाती येताच तिनं सगळ्या खिडक्या जांभळ्या करून टाकल्या आणि मला म्हणाली, “मामा, आता याला हात लावायचा नाही.”